दादाचे बूट आणि डोंगरावरची विहीर

दादाने आयुष्यात कधी बूट घातले नव्हते. वाडीत अनवाणी, रस्त्यावर रबरी चप्पल आणि लग्नकार्याला कातडी चप्पल, एवढ्यावर त्याची सत्तरी उलटली. त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, युरोपच्या सहलीसाठी पांढरे, जाड तळव्यांचे बूट आणून दिले, तेव्हा ते मांडीवर घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. मग मला म्हणाला की यात पाय घातला की खाली जमीन आहे की नाही तेच कळत नाही. मी म्हटलं, विमानात नसतेच.

सहल भाच्याने दिली होती, दादाला आणि मला, दोघांनाही. दादाचा हा एकुलता एक मुलगा, नायगावला उंच टॉवरमध्ये राहतो, चांगली नोकरी आहे, स्वभावाने गरीब. "आत्या, बाबांना एकट्याला पाठवणार नाही, तू जा बरोबर," असं तो म्हणाला, आणि माझ्या नवऱ्याला विमानाची भीती असल्यामुळे घरातून काहीच अडचण आली नाही. पण मला फुकट मिळालेल्या गोष्टीचा आधी वास येतो, मग आनंद होतो. हा वास कसला ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमचं माहेर वसईजवळ, होळी नावाच्या गावाच्या बाजूला. घराभोवती वाडी: केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा. आणि वाडीच्या मधोमध बावखल. वसईबाहेरच्या माणसाला सांगायचं तर विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान असं खोदलेलं पाणी. आमच्या पणज्याने की त्याच्याही आधीच्या कुणी खोदलं. उतरायला दगडी पायऱ्या, त्यातल्या तीन उघड्यावर, बाकीच्या पाण्याखाली. मी परकर-पोलक्यातली असताना दादा मला हाताला धरून तिथे न्यायचा आणि दर वेळी एकच वाक्य म्हणायचा, "पाय जप, बाय, तिसऱ्या पायरीच्या पुढं खोल हाय." पाण्याजवळ जाताना चपला लांब, आंब्याच्या बुंध्याशी काढायच्या. सोवळं-ओवळं म्हणून नव्हे. ज्याच्यावर घर जगतं त्याच्या अंगावर चपला घालून जायचं नाही, इतकंच आई सांगायची.

त्या पाण्याची ओटी भरायची आमच्या घरात रीत आहे. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि नारळ. मुलगी सासरी निघाली की भरायची. गाळ उपसायचा असेल, काठ बांधायचा असेल, तरी आधी भरायची. ओटी भरते ती घरची सवाष्ण, आणि घरचा कर्ता पुरुष बाजूला उभा राहून आपण काय करणार आहोत ते पाण्याला मोठ्याने सांगतो. न सांगता पाण्याच्या बाबतीत काही करायचं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईने ओटी भरली तेव्हा वडील आजारी होते, म्हणून दादाच बोलला होता. "आमची बाय जाते," एवढं म्हणून त्याचा आवाज गेला. बाकीचं पाण्याने समजून घेतलं असेल.

आता ते बावखल बुजवायचं ठरत होतं. वाडीच्या जागी इमारत, खाली गाड्या ठेवायला जागा, आणि भाचा म्हणत होता की आपण सगळे एकाच मजल्यावर राहू. दादा हो म्हणून बसला होता. वाडीत माझाही वाटा असल्यामुळे माझ्या संमतीशिवाय काही हलणार नव्हतं, आणि मी ती देत नव्हते. भाच्याने समजावलं, सुनेने समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. दादाला मात्र मी एकदा फाडकन विचारलं की तू असा कसा हो म्हणालास. तो म्हणाला, "तू चंदनसारला पाचव्या मजल्यावर राहतेस ना? तिकडं पण आधी कुणाचं तरी शेतच असंल." यावर मी रागाने चहा अर्धा टाकून उठले होते. राग आला कारण ते खरं होतं.

तर सहलीला निघताना माझ्या मनात एवढंच होतं: दहा-बारा दिवस दादा माझ्या हाताशी आहे, मुलगा-सून जवळ नाहीत, मी त्याचं मन वळवीन. त्याच्या मनात काय आहे, याचा मी विचारच केला नाही.

रोमहून एक दिवस डोंगरावरची जुनी गावं दाखवायला नेणार होते. आमचा गट सगळा मराठी, बहुतेक निवृत्त मंडळी, टोप्या, गुडघ्याचे पट्टे आणि पिशवीत चिवडा. टूर लीडर एक तरतरीत मुलगी होती, हातात केशरी झेंडी. त्या दिवसासाठी एक इटालियन वाटाड्याही होता, पिकल्या दाढीचा आणि संथ बोलणारा. तो इंग्रजीत सांगायचा आणि मुलगी आम्हाला मराठीत. बस सकाळी निघाली. दोन्ही बाजूंना हिरवे उतार, द्राक्षांचे मळे, आणि लांब टेकड्यांच्या माथ्यावर घट्ट बसलेली दगडी गावं. दादा खिडकीशी होता. पूर्ण रस्ताभर तो त्या मळ्यांना पाणी कुठून देत असतील ते शोधत होता. मी दोन-तीनदा बावखलाचा विषय काढला. त्याने दोन-तीनदा मला बाहेर काहीतरी दाखवलं.

पहिलं गाव चिव्हिता. एका सुळक्यावर ते गाव उभं आहे आणि चहूबाजूंनी डोंगर ढासळत गेलाय, म्हणून तिथे जायला एक लांबच लांब पूल आहे, शेवटी चांगलाच चढा. गाडी जात नाही. नव्या बुटांनी दादाची टाच चावायला सुरुवात केली होती, पण तो कठड्याला धरून चालत राहिला. वाऱ्यात त्याची टोपी उडाली ती थेट खाली दरीत. त्याने वळूनही पाहिलं नाही.

गाव सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. दगडी कमान, दगडी गल्ल्या, प्रत्येक पायरीवर फुलांची कुंडी, भिंतीवर चढलेला वेल. आणि मांजरं. चौकातल्या चर्चसमोर आमचा वाटाड्या थांबला आणि सांगू लागला की इथली जमीन दर वर्षी थोडी थोडी खचते, म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या सोडून गेले. आता बारमाही राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. बाकी आमच्यासारखे, सकाळी येऊन दुपारी जाणारे. जुनं सगळं जसंच्या तसं राखलंय, कुणाला एक खिडकीसुद्धा बदलता येत नाही.

मला वाटलं, देवाने माझ्यासाठीच या माणसाच्या तोंडून हे वदवलं. मी दादाला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, बघ, परके लोक किती जिवापाड जपतात, आणि आपण आपल्या हाताने माती लोटतो. एका दारात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती, काळा झगा, पायात लोकरी सपाता. आमच्यातल्या बायका तिचे फोटो काढत होत्या आणि ती काढू देत होती, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाने काढू द्यावेत तशी. दादा तिच्याकडे टक लावून पाहत होता. मग त्याने लीडर मुलीला जवळ बोलावून विचारलं, या बाईची मुलंबाळं कुठे असतात. मुलीने वाटाड्याला विचारलं. त्याने हात खालच्या दरीपलीकडे केला. तिकडे नवं गाव आहे, मुलं तिथे राहतात, रविवारी येतात.

"रविवारी," दादा म्हणाला.

भाचाही रविवारी यायचा. नायगाव काय लांब आहे? रिक्षा केली तरी अर्ध्या तासात माणूस पोचतो. पण सुनेला वाडीतले डास सोसत नाहीत, नातीचा क्लास असतो, आणि रविवार हा एकच वार उरतो. तोही दर रविवार नव्हे. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या दुपारी मी ते दादाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही एका शब्दात, म्हणून माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी चौकातल्या दुकानात मांजराची चित्रं बघत राहिले.

जेवण बसमधून आणलेलंच होतं, ठेपले आणि बटाट्याची सुकी भाजी, खालच्या गावातल्या बागेत बसून खाल्लं. मग बस निघाली ती ऑर्व्हिएतोला. हे गाव मोठं, तेही डोंगराच्या सपाट माथ्यावर. पायथ्याशी बस लावायची आणि रुळांवरून चढणाऱ्या एका डब्यात बसून वर जायचं. वर गेल्यावर आधी चर्च दाखवलं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, समोरून सोन्यासारखं चमकणारं. आमच्या गटातले एक गृहस्थ प्रत्येक ठिकाणी हे बांधायला किती खर्च आला असेल ते विचारायचे, त्यांनी इथेही विचारलं. दादा मात्र बाहेरच पायरीवर बसला होता आणि टाच चोळत होता. मी म्हटलं, फार दुखत असेल तर पुढचं राहू दे. पुढे काय आहे, त्याने विचारलं. लीडर म्हणाली, विहीर आहे.

दादा उठला.

ती विहीर गावाच्या कडेला आहे. बाहेरून दिसतं ते फक्त एक बुटकं, गोल दगडी बांधकाम. वाटाड्याने सांगितलं की फार पूर्वी एक पोप रोमहून जीव वाचवून इथे पळून आला होता. गावाला वेढा पडला तर प्यायला पाणी हवं, म्हणून त्याने डोंगराच्या पोटात ही खोदवली. विहिरीच्या अंगाने दोन जिने फिरत फिरत खाली जातात. पखाली लादलेल्या खेचरांनी एका जिन्याने उतरायचं, तळाशी पुलावरून पलीकडे जायचं आणि दुसऱ्या जिन्याने वर यायचं. म्हणजे उतरणारं आणि चढणारं जनावर कधी समोरासमोर येत नाही. पायऱ्या किती ते त्याने सांगितलं होतं, मी विसरले. ज्यांचे गुडघे कुरकुरत होते ते वरच थांबले. चार वाजता खाली जाणारा डबा पकडायचाय, लीडरने झेंडी हलवून बजावलं.

मी तिकीट दाखवून आत शिरले आणि मागे वळून पाहते तर दादा नाही. परत दाराशी आले. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. मला वाटलं, टाच. पण त्याने दोन्ही बूट काढले, मोजे काढून त्यांच्यात खोचले आणि दाराबाहेर भिंतीच्या कडेला जोडी नीट लावून ठेवली. घरी आंब्याखाली चपला ठेवायचा तशीच. मी म्हटलं, अरे, हे काय करतोस, आत ओल असेल, घसरशील, लोक काय म्हणतील.

"पाण्याकडं चाललोय ना आपण," तो म्हणाला, आणि माझ्या पुढे होऊन उतरू लागला.

पायऱ्या रुंद होत्या, उताराच्या, जनावरांसाठी केलेल्या. आतल्या भिंतीला ठिकठिकाणी खिडक्या होत्या, तिथून विहिरीचा पोकळ घेर दिसायचा आणि वरचा उजेड खाली सांडत यायचा. जसजसं उतरत गेलो तसतशी हवा गार झाली. भिंतींना शेवाळ, हाताला ओल. पलीकडच्या खिडक्यांमधून चढणारी माणसं दिसायची, आमच्याच गटातल्या एका बाईंनी हात केला. त्या अगदी समोर होत्या, पण मधे सगळी विहीर. दादा एका खिडकीशी थांबला आणि त्याने विचारलं, आता यांची-आपली गाठ खाली पडेल का. मी म्हटलं, नाही, त्यांची वाट वेगळी आहे. तो जरा वेळ बघत उभा राहिला. त्याची अनवाणी पावलं काळ्या ओल्या दगडावर अगदी घरच्यासारखी दिसत होती. पांढऱ्या बुटांत दिवसभर परकी वाटणारी ती पावलं मी पुन्हा ओळखली आणि माझा राग कुठच्या कुठे गेला.

तळाशी छोटासा पूल आहे. खाली पाणी, फार खोल नव्हे, तळाला लोकांनी टाकलेली नाणी चमकत होती. आमच्या पुढचे लोक फोटो काढून वर गेले आणि मागचे अजून यायचे होते. आम्ही दोघंच होतो. मी मनात म्हटलं, हीच वेळ. इतक्या खाली, इतक्या जुन्या पाण्याशी आणून सोडलंय, आता तरी हा ऐकेल. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक पुरचुंडी काढली.

हिरव्या खणाची पुरचुंडी. आत तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी. नारळाच्या जागी सुक्या खोबऱ्याची वाटी. खण वहिनीच्या कपाटातला होता, तिची घडी न मोडलेला. वहिनीला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. इतकं सगळं त्याने घरून आणलं होतं, विमानातून, हॉटेलांतून, रोज सकाळी खिशात घालून, आणि मला पत्ता नव्हता. "पोरानं पत्रक वाचून दाखवलं तेव्हा कळलं, इकडं विहीर हाय," असं काहीतरी तो पुटपुटला. म्हणजे ही सहल त्याने पाहण्यासाठी कबूल केली नव्हती. आणि मला बरोबर घ्यायला मुलाला सांगितलं होतं तेही त्यानेच.

"तू भर ओटी," तो म्हणाला. "सून वाडीत राहत नाय, घरची सवाष्ण आता तूच."

कशासाठी, ते मला विचारावं लागलं नाही; बावखल बुजवण्याआधीची ओटी होती ती. मी म्हटलं, ही आपली विहीर नाही, आपलं पाणी नाही, यांच्या पाण्याला सांगून काय उपयोग.

तो पुलाच्या कठड्याला टेकला. मग हळूहळू बोलत गेला. घरच्या पाण्यासमोर त्याचं तोंड उघडत नव्हतं. आंब्याखाली चपला काढून तो किती वेळा पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला होता, आणि तसाच परत आला होता. ज्याचं पाणी पिऊन मोठा झालो त्याला तोंडावर कसं सांगू, असं त्याचं म्हणणं. पाणी सगळं खालून एकच असतं, इथल्याला सांगितलं तर तिकडे पोचेल. असा त्याचा हिशोब होता. मला हसू यायला हवं होतं. मी उलट चिडले. म्हटलं, सांगता येत नाही याचाच अर्थ करू नये. मग नको ना करू. कोण जबरदस्ती करतंय तुझ्यावर?

"कोण नाय करत," दादा म्हणाला. "बाय, ती गेल्यापासून घरात रात्री मी खोकतो, तेवढाच आवाज. मला दुसरं कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं पायजे. पाणी राखलं तर पोरगा रविवारी येणार. पाणी सोडलं तर तो घरी येणार."

वरून बोलण्याचे आवाज येऊ लागले होते. मी पुलावर उभी होते, हातात वहिनीचा खण. सकाळपासून, खरं तर महिनोन् महिने, मी जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं पणज्याबद्दल होतं, पाण्याबद्दल होतं, पुढच्या पिढ्यांबद्दल होतं. दादाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी संध्याकाळी चंदनसारला माझ्या घरी जायचे, तिथे नवरा होता, टीव्ही चालू असायचा, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असायचं.

मी पुरचुंडी पुन्हा बांधली आणि त्याच्या खिशात ठेवली. म्हटलं, इथे भरणार नाही. भरायची तर आपल्या पाण्याची, आपल्या पायरीवर उभं राहून भरीन. तू मुकाट्याने शेजारी उभा राहा. तोंड उघडलं नाही तर मी सांगीन.

हीच माझी संमती होती. ती त्याला कळली. त्याने पुलावरून खाली वाकून त्या पाण्याला नुसते हात जोडले.

चढताना तो दर खिडकीशी दम घ्यायचा, मी एक पायरी मागे राहायचे, पडला तर धरायला. वर उजेडात आलो आणि दादा भिंतीच्या कडेला पाहू लागला. बूट नव्हते. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मला पुन्हा संताप आला, की बघ, देवळाबाहेर चपला चोरतात ते आपल्याकडेच असं वाटलं होतं ना. लीडर मुलगी झेंडी घेऊन धावत आली, चार वाजायला आले होते. तिला आधी कळेचना की हे आजोबा विहिरीत बूट काढून का गेले. कळल्यावर ती म्हणाली, "काका, हे दुसरं दार आहे. तुम्ही त्या दाराने उतरलात, या दाराने आलात."

बांधकामाला वळसा घालून पलीकडे गेलो. जोडी तिथेच होती, जशी ठेवली तशी, भिंतीकडे तोंड करून. गटातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दादाही जरासा हसला. पण त्याने बूट घातले नाहीत. हातात धरूनच तो रुळांच्या डब्यापर्यंत चालत आला.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत ओटी भरली. सकाळची वेळ होती. भाचा आला होता, सून आली होती, शाळेला सुट्टी घेऊन नात आली होती. कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती घरातली बाई बादल्या घेऊन आली होती, आमच्या पाण्यातले मासे आणि एक म्हातारं कासव त्यांच्या बावखलात सोडायचं ठरलं होतं. तिने पाण्याकडे पाहून क्रूसाची खूण केली. आम्ही सगळ्यांनी आंब्याखाली चपला काढल्या. मी तिसऱ्या पायरीवर उभी राहून तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि या वेळी खरा नारळ पाण्यात सोडला. दादा बाजूला होता. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग मीच बोलले. "आम्हाला माणसं पाहिजेत, म्हणून तुला बुजवतोय," मी म्हटलं. "राग धरू नकोस." नारळ जरा वेळ तरंगत राहिला, मग काठाशी आला, आणि भाच्याने तो पायाने नव्हे, हाताने पुन्हा आत लोटला. तेवढं मला बरं वाटलं.

त्यानंतर डंपर आले. मी ते दिवस तिकडे फिरकले नाही.

इमारत आता उभी आहे. भाच्याने शब्द पाळला, हे मी कुणापुढेही सांगते. दोन दारं समोरासमोर आहेत, एकात दादा, दुसऱ्यात ती तिघं, आणि दारं दिवसभर उघडीच असतात. नातीला सर्दी झाली की दादाला रात्री तिचा खोकला ऐकू येतो. सून त्याच्यासाठी पेज वेगळी करते. तो म्हणाला होता तसंच झालं. माझ्याकडे तक्रारीला जागा नाही.

पण मागच्या पावसाळ्यानंतर एकदा भाच्याचा फोन आला. आवाज चिंतेचा होता. बाबा विसरायला लागलेत बहुतेक, तो म्हणाला, डॉक्टरांना दाखवावं का. काय झालं म्हणून विचारलं तर सांगू लागला: रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये चपला सोडून येतात. एका खांबाशी काढून ठेवतात, गाड्यांमधून अनवाणी पलीकडच्या फाटकाकडे जातात, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने वर येतात. वॉचमन रोज चपला घेऊन वर आणून देतो. विचारलं तर काही बोलत नाहीत.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. वर न जाता खाली पार्किंगमध्येच थांबले. संध्याकाळी दादा लिफ्टमधून उतरला, मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो त्या खांबापाशी गेला. मी डोळ्यांनी मोजून पाहिलं. आंबा तिथेच होता, अगदी तिथेच. त्याने रबरी चपला काढल्या आणि जोडी नीट लावून ठेवली.

मी माझ्याही काढल्या, त्याच्या शेजारी ठेवल्या. फरशी गुळगुळीत होती, धुतलेली, समोर पांढऱ्या रंगाने गाड्यांचे आकडे लिहिलेले. दादाने माझा हात धरला आणि एक एक पाऊल सावकाश टाकत मला पुढे नेलं. मग थांबला.

"पाय जप, बाय," तो म्हणाला. "पुढं खोल हाय."